उताऱ्यातली विहीर

साडू या नात्याकडे आपल्या समाजाने हवं तितकं लक्ष दिलेलं नाही. भावाशी भांडता येतं, वाटणी मागता येते. मेहुण्याची थट्टा करता येते. साडूचं मात्र काहीच करता येत नाही. सासऱ्याच्या घरी तो शेजारच्या पाटावर बसतो, आपल्याला वाढलेलं सगळं त्यालाही वाढलं जातं, आणि त्याच्या पोळीवर तूप जास्त पडलं का, हे मान न वळवता बघावं लागतं. लग्नापासून मी हेच करत आलो आहे आणि माझा डावा डोळा त्यात चांगला तयार झाला आहे.

माझ्या साडूंचं नाव तातेराव. मी थोरला जावई, ते धाकटे. मी टेंभुर्णीच्या हायस्कुलात वरिष्ठ लिपिक, ते भोकरदनला एका पतसंस्थेत व्यवस्थापक. मी बी.ए. द्वितीय श्रेणी, ते नुसतेच बी.ए. पास. हा फरक कधी कोणी विचारत नाही म्हणून इथे सांगून ठेवला.

आमचे सासरे रामराव पिंपळगाव रेणुकाईचे जुने शेतकरी. मी त्यांना मामा म्हणतो. बांधावरून त्यांचा चुलतभावाशी भोकरदनच्या कोर्टात दावा चालू आहे. चालू आहे म्हणजे त्याला तारखा पडतात. तारीख पडली की वकिलाचा कागद येई, आणि तो कागद सदऱ्याच्या खिशात घालून मामा बाजाराच्या दिवशी टेंभुर्णीला माझ्याकडे येत. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झाली, त्यामुळे मराठी कागद वाचून दाखवायचं काम थोरल्या जावयाचं, हे आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं.

हा माझ्या आयुष्यातला एकमेव मान होता. शाळेत मला सगळे ‘ओ क्लार्क’ म्हणतात. घरी तर तेवढंही म्हणत नाहीत. पण मामा आले की मी हात धुऊन, चष्मा पुसून बसायचो आणि ‘तरी आपणांस कळविण्यात येते की’ इथपासून सुरुवात करायचो. ‘कळविण्यात येते’ यावर जरा थांबायचो. मामा मान हलवून “हां, बराबर” म्हणायचे. मधेच म्हणायचे, “पुन्ना एकदा वाचा बरं, बद्रीनाथराव.” मी पुन्हा वाचायचो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझी बायको पुष्पा बसलेली असायची. तिच्याशी म्हैस, कपाशी, भाचीचं जमलेलं लग्न असं काहीबाही बोलत मामा ऐकायचे. मग शेजारी काकासाहेबांकडे जाऊन चहा प्यायचे आणि एसटीला निघायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. नातवंडं झाली की हा नेम सुटतो असं म्हणतात, पण मामांनी नातवंडं मोठी झाली तरी सोडला नव्हता.

नव्व्याण्णव साली होळीनंतर मामांचं येणं अचानक बंद झालं. एक बाजार गेला, दुसरा गेला. मला वाटलं, कोर्टाला सुट्टी असेल. खरी बातमी काकासाहेबांनी आणली. काकासाहेब हे आमचे शेजारी. आयुष्यात दोनदा कोर्टात साक्ष दिल्यामुळे कायद्यावर त्यांचा अधिकार आहे. दोन्ही वेळा ती साक्ष उलटली, ही गोष्ट वेगळी.

“बद्रीनाथराव, तुमचे सासरे आता कागद घेऊन भोकरदनला जाऊन राह्यले,” ते भिंतीवरून म्हणाले. “मी स्वतः बघितले. तातेरावच्या ओट्यावर बसल्याले, अन् तातेराव कागद वाचून सांगायलेत. तातेराव वकिलीच्या परीक्षेला बसणारेत म्हणं. जालन्याच्या कालेजात. वकील घरातच होऊन राह्यला तर मंग क्लार्ककडं कोण येईल?”

काकासाहेब मनाचे चांगले आहेत. त्यांना फक्त वाक्य कुठे संपवावं हे कळत नाही.

मला हेवा वाटला. उगाच सौम्य शब्द कशाला वापरायचा? छातीत कोणीतरी मिरच्या कुटाव्या असा हेवा वाटला. माझं ‘कळविण्यात येते’ आता तातेराव वाचत होते! आणि कसं वाचत असणार, तेही मला ठाऊक होतं. तातेराव पूर्णविरामालाही थांबत नाहीत. पुष्पाला बातमी सांगितली, तर ती भाकरी थापत राहिली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र ती अंगण झाडत बराच वेळ दारातच राहिली. माझ्या अपमानाचं तिलाही दुःख झालेलं पाहून मला बरं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी ठरवलं की आपणही वकील व्हायचं.

वकील होण्यातली पहिली अडचण मी स्वतःच निघालो. नोकरी करून शिकायचं तर संस्थाप्रमुखाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आमच्या शाळेत असा अर्ज वरिष्ठ लिपिकाच्या शेऱ्याशिवाय मुख्याध्यापकांपुढे ठेवायचा नाही, हा नियम मीच केलेला. मास्तर लोकांना या नियमापायी मी किती फेऱ्या मारायला लावल्या असतील त्याची गणती नाही. आता उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि मुख्याध्यापक लेकीकडे कुंभार पिंपळगावला गेले होते. मी अर्ज घेऊन जालन्यावरून गाड्या बदलत, उन्हाने भाजत तिथे पोचलो. मुख्याध्यापक बनियनवर बसून कलिंगड खात होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

“यावर वरिष्ठ लिपिकाचा शेरा न्हाई,” ते म्हणाले.

“सर, वरिष्ठ लिपिक मीच आहे.”

“मंग तर तुम्हाला नियम माहीत पाहिजे.” त्यांनी मला कलिंगडाची एक फोड दिली आणि अर्ज परत केला. जावक नोंदवही आणि शिक्का टेंभुर्णीला कपाटात. मी परत आलो, स्वतःच्या अर्जावर ‘सविनय सादर, शिफारस आहे’ असं लिहिलं, आणि पुन्हा गेलो. त्या दिवशी कलिंगड नव्हतं.

दुसरी अडचण फोटोची. फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा होता. आमच्या गावात हाताला लागणारे राजपत्रित अधिकारी म्हणजे जनावरांचे डॉक्टर. ते एका म्हशीला इंजेक्शन देत होते. त्यांनी तसाच हात धुतला न धुतला आणि माझ्या फोटोवर ठसठशीत शिक्का मारला: ‘पशुवैद्यकीय दवाखाना’. म्हशीच्या मालकाने फोटो हातात घेऊन बघितला आणि “चांगला निघाला हो” म्हणाला. मी आभार मानून बाहेर पडलो.

मग अभ्यास. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत कायद्यापेक्षा उताऱ्यांवरच्या प्रश्नांना जास्त गुण होते. एक उतारा द्यायचा, खाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर पर्यायावर खूण करायची. मी मनात हसलो. अरे, उतारा वाचून समजावून सांगण्यात तर माझी हयात गेली! तरी सराव असावा म्हणून मी आमच्या शाळेतल्या देवानंद सरांकडे गेलो. हे इंग्रजीचे मास्तर. त्यांची धाकटी बहीण असलीच परीक्षा देऊन पुण्याला वकिली शिकत होती. स्वभावाने फार शांत माणूस. निदान मी जायला लागेपर्यंत शांत होते.

पहिला उतारा मधमाश्यांवर होता. शेवटचा प्रश्न होता, लेखकाचे मधमाशीविषयी मत काय? मी सांगितलं, “लेखकाला मधमाशी कधी चावलेली नाही.”

“हे पर्यायात न्हाई,” देवानंद सर म्हणाले.

“पण खरं आहे का नाही?”

“बद्रीनाथराव, ऐका माझं. इथं खरं-खोटं न्हाई बघायचं. उताऱ्यात जेवढं लिहिल्यालं हे, तेवढंच. आपल्याला काय वाटतं, आपल्या गावात काय झाल्तं, ते सगळं बाहेर ठेवायचं. चप्पल काढतो ना, तिथं.”

मी हो म्हणालो. पण हे तत्त्व मला मनापासून पटलं नाही. माणसाने चाळिशीपर्यंत जे बघितलं ते दाराबाहेर ठेवायचं असेल, तर मग चाळिशीपर्यंत जगायचं कशाला? काकासाहेबांना विचारलं, तर ते माझ्याच बाजूचे निघाले. “जज्ज असो का पेपर तपासणारा, तो आधी बघतो, माणूस कोणाच्या बाजूनं हे. मी साक्षीत दोन्हीकडून बोललो, तिथंच फसलो. तुम्ही आपले बाजू घ्या. बिलकुल डगमगू नका.”

परीक्षेच्या दिवशी जालन्याच्या केंद्रावर पोचलो, तर माझ्या पुढच्याच बाकावर तातेराव. नवा सफारी, मानेला पावडर, हातात थंड पाण्याची बाटली. मी अर्ज भरल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते दचकले, मग हसले. “काय साडूबुवा, तुम्ही बी? उगं कशाला त्रास करून घेतला? मी होतोच ना.”

‘मी होतोच ना’ हे ऐकून मी पेनाचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई आल्या. माझ्या ओळखपत्रावर थबकल्या. “हा शिक्का जनावरांच्या दवाखान्याचा आहे.”

“अधिकारी राजपत्रित आहेत,” मी मान ताठ ठेवून म्हणालो.

“असतील. पण तुम्ही कोण आहात?” तातेराव मागे वळून हे सगळं बघत होते, आणि त्यांनी मला पिण्याच्या पाण्याची बाटली देऊ केली. मी घेतली नाही. तहान लागली होती तरी.

प्रश्नपत्रिका आली. पहिलाच उतारा वाचायला घेतला आणि मी सरसावून बसलो. दोन भाऊ, एक थोरला, एक धाकटा. वडिलांनी विहीर दोघांच्या नावे ठेवलेली. वर्षानुवर्षं थोरला भाऊ मोटेने पाणी काढून शेत भिजवत आलेला. एके वर्षी धाकट्याने विहिरीवर इंजिन बसवलं. झालं, दोघांची बोलाचाली बंद. मला पुढे वाचायची गरजच उरली नाही. कोणी लिहिला होता हा उतारा? त्याला आमच्या घरातलं कसं कळलं? माझ्या पुढच्या बाकावर तो इंजिनवाला सफारी घालून बसला होता, आणि त्याच्या मानेवरची पावडर मला दिसत होती.

देवानंद सरांची शपथ घेऊन सांगतो, मी चप्पल दाराबाहेर ठेवायचा प्रयत्न केला. पण प्रश्नच तसे होते. विहिरीवर हक्क कोणाचा? मी ‘थोरल्याचा’ यावर खूण केली. धाकट्याने इंजिन का बसवले? एक पर्याय होता, ‘भावाला कमी लेखण्यासाठी’. त्या खुणेला मी इतका जोर दिला की कागद फाटला. उताऱ्याला योग्य शीर्षक कोणते? चारही पर्याय मिळमिळीत होते, म्हणून समासात माझं स्वतःचं लिहिलं: ‘आयत्या विहिरीवर धाकटा’. उताऱ्यात थोरल्याला न्याय मिळवून देता देता वेळ संपला. बाकीचे उतारे चाळून झाले. बाहेर पडलो तेव्हा दावा जिंकल्यासारखं वाटत होतं.

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात लेक-जावयांना बोलावून धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, ही रीत. परीक्षेनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघेही जावई सासुरवाडीला, पिंपळगाव रेणुकाईला जमलो. सासूबाई चतुराबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते, वर तुपाची धार. माझ्या डाव्या डोळ्याने सांगितलं की धार दोघांना सारखीच पडली. मामा समोर बसले होते. ते कोणाला आधी बोलतात याची मी वाट बघत होतो. ते माझ्याकडे पाहून हसले, मग तातेरावांकडे पाहून हसले, आणि म्हणाले, “कसा गेला पेपर?”

“सोपा गेला, मामा,” तातेराव म्हणाले. “इंजिनाचा उतारा आल्ता. त्या थोरल्याची मी अशी जिरवली ना! स्वतः काही करायचं न्हाई अन् दुसऱ्यानं केलं की तोंड फुगवायचं.”

मी हातातला घास पानात परत ठेवला. “इंजिन बसवताना थोरल्याला विचारलं होतं का? विहीर त्याने राखली.”

“राखली म्हंजे काय? नुसतं काठावर बसून राह्यला!”

“काठावर? बैल कोणी हाकले?”

“मंग हाका म्हणावं अजून! लोकं चंद्रावर जाऊन राह्यले!”

पानातले धोंडे निवत चालले. स्वयंपाकघरातून पुष्पा बाहेर आली. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं. ती तातेरावांकडे न बघता आपल्या धाकट्या बहिणीकडे बघून म्हणाली, “इंजिनवाल्याचं बराबर असतं. सगळं पाणी तिकडंच जाणार.”

धाकटी सोनूबाई हातातलं तुपाचं भांडं आपटून म्हणाली, “इतके वर्सं पाणी एकीकडंच जात व्हतं, तव्हा कोणी बोललं न्हाई!”

या दोघींनी परीक्षेचा उतारा कधी वाचला, हे मला कळेना. मी खिशातून प्रश्नपत्रिका काढली. ती घरी न्यायला परवानगी होती. “भांडायचं कारण नाही,” मी म्हणालो, “मी वाचून दाखवतो.” “मी दाखवतो,” तातेराव म्हणाले, आणि कागदाची दोन टोकं दोघांच्या हातात आली.

“ठेवा खाली!” मामा ओरडले. त्यांनी उष्टा हात मागे धरून डाव्या हाताने कागद ओढून घेतला, लांब धरला, आणि एका दमात वाचलं, “‘वस्तुतः विहीर दोघांची होती, आणि तिचे पाणी दोघांना पुरून उरत होते.’ हे काय लिहिल्यालं हे, इथं, चौथ्या ओळीत! हे सोडून काय वाचून राह्यले तुम्ही?”

ही ओळ मला दिसलीच नव्हती. तातेरावांच्या तोंडावरून त्यांनाही दिसली नसावी. पण आम्ही दोघेही बघत होतो ते त्या ओळीकडे नव्हे. मामा वाचत होते. मराठी. जोडाक्षरांसकट, पूर्णविरामाला थांबून.

“मामा,” मी म्हणालो, “तुमची शाळा तर उर्दूत झाली ना?”

मामांनी कागद हळूच खाली ठेवला. चतुराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आवो, त्याला पन्नास वर्सं झाली. रोज वाण्याच्या दुकानात बसून सगळा पेपर वाचतेत, जाहिरातीसुद्धा. वकिलाचा कागद आला की आधी मलाच वाचून दाखवतेत.”

“मंग आमच्याकडं कशाला आणायचे?” तातेरावांनी विचारलं.

मामा चिडले. चोरी पकडली गेली की मोठी माणसं चिडतातच. “कशाला म्हंजे? काम असल्याबिगर लेकीच्या घरी बापानं जावं का? लोकं काय म्हणतील? काहीतरी काम नको का हातात?” मग आवाज उतरला. “थोरली दिसायची त्या निमित्तानं. मंग ही धाकटी संक्रांतीला रडली, म्हणली, आबा, तुम्हाला सगळे कागद ताईच्याच घरी बरे वाचता येतात. म्हणून म्हणलं, थोडे दिवस हिच्याकडं.”

पुष्पा पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्या मागोमाग सोनूबाई. आतून दोघींनी एकदमच नाक ओढल्याचा आवाज आला. मी पानाकडे बघत बसलो. ‘पुन्ना एकदा वाचा’ असं मामा म्हणायचे, ते का म्हणायचे, हे मला आत्ता समजत होतं. आणि पुष्पा बाजाराच्या दिवशी अंगण का झाडत राहायची, तेही. इतक्या वर्षांचा उतारा माझ्यासमोर उघडा होता आणि मी प्रत्येक प्रश्नाला ‘थोरल्या जावयाचा मान’ या एकाच पर्यायावर खूण करत आलो होतो.

यथावकाश परीक्षेचा निकाल लागला. यादीत आम्हा दोघांचंही नाव नव्हतं. माझं नाही म्हणून वाईट वाटलं, तातेरावांचं नाही म्हणून बरं वाटलं, आणि एकूण दिवस ठीक गेला. वाईट गोष्ट पुढेच होती. गुपित फुटल्यावर मामांकडे आता कामच उरलं नव्हतं. वकिलाचे कागद येत होते, पण ते घेऊन कोणत्या तोंडाने यायचं? मामा ना टेंभुर्णीला आले, ना भोकरदनला गेले. बाजाराचे दिवस येत गेले. आमचं अंगण गावात सगळ्यांत स्वच्छ झालं.

शेवटी एका बाजाराच्या आदल्या दिवशी मी पिंपळगावला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवला. माझ्यासारख्या बी.ए. द्वितीय श्रेणीच्या माणसाला तो निरोप सांगताना काय वाटलं असेल, याची कल्पना करावी. निरोप असा: “पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतोय. उतारे वाचता येतात पण समजत नाहीत. मामांनी येऊन समजावून सांगावेत. नड आहे.”

मामा दुसऱ्याच दिवशी हजर झाले. ओट्यावर बसले, माझ्या चुकांवर मनापासून ओरडले. पुष्पा उंबऱ्यात बसली होती. मधेच ती उठली आणि कपबशी त्यांच्यासमोर ठेवली. मामांनी तिच्याकडे पाहिलं.

“आबा, तुम्ही आज मास्तर म्हणून आलेत,” ती म्हणाली. “मास्तराला च्या चालतो.”

मामांनी जरा विचार केला. मग बशीत चहा ओतला आणि फुर्र करून प्यायला. भिंतीवरून काकासाहेब बघत होते. त्यांच्याकडचा चहा त्या दिवशी तसाच राहिला, आणि ते पुढे महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

“मामा, आता दर बाजाराला येत जा,” निघताना मी म्हणालो. “वर्षभर शिकवावं लागेल.”

“येतो की. पण बाजाराच्याच दिवशी, मधी न्हाई जमायचं.” मामांनी पायात वहाणा सरकवल्या. “तातेरावचा बी निरोप आल्ता, तुमच्या आधीच. त्याला तर काहीच समजत न्हाई म्हणं. त्याच्याकडं आठवड्यातून दोनदा जावं लागन.”